प्रयोगशाळेच्या फोटोतली चौदा माणसं नक्की करतात काय?

पंचगंगेकाठी
नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं इथं नुसता वाचतोय, स्वतःचा धागा पहिलाच. चूकभूल पदरात घ्या.

धाकटी मुलगी ऑक्टोबरात जर्मनीला गेली. तिथल्या एका विद्यापीठात, मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत पीएचडीला लागलीय. उंदराच्या मिशीला काही टेकलं की ते त्याच्या मेंदूला कसं कळतं, असा विषय. मी आयटीआयचा माणूस, मला एवढं कळलं तेच खूप. नातेवाईक काही ऐकत नाहीत. मेव्हणा म्हणाला, "म्हणजे मेंदूची डॉक्टर ना? मग दवाखाना इकडं काढणार का पुण्यात?"

परवा तिनं त्यांच्या ग्रुपचा फोटो पाठवला. चौदा माणसं आणि एक कुत्रं. प्रोफेसर एकच, ती मधली चष्मेवाली बाई, एवढं सांगून पोरीनं फोन ठेवला. मग बाकीचे कोण? साठीचा एक गृहस्थ निळा डगला घालून कडेला उभा आहे. एका बाईच्या हातात कुत्र्याचा पट्टा. दोन पोरं तर बारावीतली वाटतात. हे सगळे शास्त्रज्ञ का? दिवसभर करतात काय?

आणखी एक. आमच्याकडं रात्रीचे बारा वाजतात तेव्हा तिकडं साडेसात. त्या वेळी फोन लावला की म्हणते, "बाबा, पेशी अजून जिवंत आहे, नंतर बोलते." हिची आई वाट बघून झोपते तरी पेशी काही मरत नाही. हे काय प्रकरण?

सदाशिवपेठी
आधी खुलासा करा. कुत्रं नोकरीला आहे की प्रयोगाला? कुत्र्यांवर प्रयोग करणाऱ्या पाव्हलोवपासून हा प्रश्न नाजूक आहे.

गवती चहा
काका, अभिनंदन! मी सहा वर्षं जर्मनीतच आहे, मेंदूवाल्यांतलाच, पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतर करारावर संशोधन करणारा. फोटो न बघता ओळखून दाखवतो.

निळा डगला म्हणजे कार्यशाळेतले मिस्त्री. इथल्या बऱ्याच विद्यापीठांत संस्थेची स्वतःची यांत्रिक कार्यशाळा असते आणि तिथल्या माणसाला 'फाइनमेखानिकर' म्हणतात. बाजारात न मिळणारी वस्तू हवी असली की चहाच्या कागदावर चित्र काढून त्यांच्याकडं जायचं. ते आधी चित्राला हसतात, मग वस्तू करून देतात. पट्टेवाली बाई बहुतेक सेक्रेटरी. प्रोफेसर नसल्या तर प्रयोगशाळा महिनाभर चालते, सेक्रेटरी नसली तर मंगळवारपर्यंत. बारावीतली पोरं म्हणजे 'हिवी', तासावर पैसे मिळणारे विद्यार्थी. चित्रांतल्या पेशी मोजणं, उंदरांचे व्हिडिओ बघून खुणा करणं, असली कामं त्यांच्या गळ्यात.

उरलेल्यांत पाच-सहा पीएचडीवाले, दोन-तीन माझ्यासारखे पोस्टडॉक, एक-दोन टीए म्हणजे तांत्रिक सहायक, आणि एखादा प्राणिपालक. टीए बाईंशी तुमच्या मुलीनं सख्य करावं, हा माझा फुकटचा सल्ला. ग्रुपमध्ये कायम नोकरी बहुधा प्रोफेसरांना, टीएंना आणि मिस्त्रींना. बाकी आम्ही सगळे करारावर. इथं कायदाच आहे: करारावर पीएचडीच्या आधी जास्तीत जास्त सहा वर्षं, नंतर सहा वर्षं. त्यामुळं कुठली बाटली कुठल्या फ्रीजरच्या कुठल्या खणात आहे हे ज्ञान फक्त टीए बाईंकडं टिकतं.

पगाराचं विचाराल तर पीएचडीला बऱ्याचदा पूर्णवेळेच्या ६५ टक्क्यांचा करार देतात. ६५ टक्के कागदावर. काम किती टक्के, ते तुमच्या मध्यरात्रीच्या फोनवरून तुम्हीच ठरवा.

रात्रपाळी
पेशीचं उत्तर माझ्याकडं. मी पुण्यात पीएचडी करतेय, चौथं वर्ष, आणि हाच धंदा.

सकाळी उंदराचा मेंदू काढायचा, बर्फगार द्रावणात टाकायचा, थरथरत्या पात्याच्या यंत्रावर ०.३ मिलिमीटर जाडीचे काप करायचे. काप कृत्रिम मेंदूद्रवात ठेवायचे. त्यात ९५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सतत सोडायचे. तिथून घड्याळ सुरू. पाच-सहा तास काप धड राहतात, नशीब जोरावर असेल तर थोडे जास्त.

मग सूक्ष्मदर्शकाखाली एक पेशी हेरायची. एक-दोन मायक्रॉन टोकाची काचेची नळी तिच्या अंगाला टेकवायची. त्या नळीला मागून प्लास्टिकची बारीक नळी जोडलेली असते, तिचं दुसरं टोक आपल्या तोंडात. हो, तोंडात. अगदी हलकं ओढायचं. पडद्यावरचा रोध मेगाओहमवरून टुणकन गिगाओहमवर गेला की समजायचं, चिकटली. मग अजून एक बारीक हिसका, की पेशीचं कवच तेवढ्याच जागी फुटतं आणि आतला विद्युतप्रवाह दिसायला लागतो. अशी पेशी कधी पाच मिनिटं टिकते, कधी तास-दीड तास. तेवढ्यात कुणी दार आपटलं तर मी त्याच्या सात पिढ्या उद्धरते. आईचा फोन आला तर उलटा ठेवते. काकूंना सांगा, राग मानू नका, तोंडात नळी असते.

ही पद्धत जर्मनीतलीच. ग्योटिंगनमध्ये नेहर आणि साकमान यांनी १९७६ मध्ये एकेका आयनमार्गातला (पेशीच्या आवरणातल्या आयनांच्या वाटेतला) प्रवाह मोजून दाखवला, १९९१ ला नोबेल मिळालं. मिशांचं म्हणाल तर उंदराच्या मेंदूत प्रत्येक मोठ्या मिशीला स्वतःचं एक 'पिंप' असतं, पेशींचा गोल पुंजका. चेहऱ्यावर मिशा ज्या रांगांत, त्याच रांगांत मेंदूत पिंपं. १९७० साली हे सापडलं. काप रंगवला की डोळ्यांना दिसतात. मुलीकडून एक फोटो मागवा, मेव्हण्याला दाखवा.

सदाशिवपेठी
मिशीला स्वतंत्र खातं! आमच्या बँकेत माणसाला मिळत नाही.

अर्धी भाकरी
'सकाळी उंदराचा मेंदू काढायचा' हे वाक्य तुम्ही 'कोथिंबीर निवडायची' अशा सुरात लिहिलंय. वाचून कसंसंच झालं. फोटोत चौदा माणसं आहेत हे मोजलं सगळ्यांनी. उंदीर किती होते ते कुणी मोजलं का?

रात्रपाळी
अर्धी भाकरी, मोजतात. प्रत्येक उंदराची नोंद असते. किती लागणार, कमी का चालणार नाहीत, भूल कशी देणार, हे प्राणी नीतिसमितीपुढं आधी लेखी द्यावं लागतं. समितीत बाहेरची माणसंही असतात. मला एकदा चाळीस मागितल्यावर 'अठ्ठावीसात का भागत नाही' म्हणून परत पाठवलं होतं, आणि भागलं.

पण सुराबद्दल तुमचं बरोबर आहे. पहिल्यांदा केलं त्या दिवशी मी जेवले नव्हते. आता जेवते. हे सांगताना मला काही फार बरं वाटत नाहीये.

गवती चहा
जर्मनीत तर प्राण्यांचं रक्षण २००२ पासून राज्यघटनेतच आहे. परवानगीला महिनोन् महिने जातात. काकांची मुलगी पहिले काही महिने अर्जच भरत बसली असेल.

खारे दाणे
गवती चहा, तुम्ही 'आणि एखादा प्राणिपालक' असं शेवटी टाकलंत म्हणून लिहितोय. एरवी मी या विषयात पडलो नसतो.

माझे वडील एका मेडिकल कॉलेजच्या प्राणिगृहात ३१ वर्षं होते. हुद्दा 'परिचर'. कॉलेजात सगळे त्यांना मामा म्हणायचे, डीनसुद्धा. उंदीर रात्री जागतो, म्हणून एका खोलीत दिवस-रात्र उलटी केलेली होती: दिवसा अंधार, रात्री दिवे. मामा दिवसभर लाल दिव्यात काम करायचे आणि संध्याकाळी बाहेर आले की दोन मिनिटं पायरीवर डोळे मिटून बसायचे. मी शाळेतून तिथं जायचो, ती पायरी अजून आठवते. घरी आले तरी अंगाला तुसाचा वास. आई आधी न्हाणीघर दाखवायची.

पिंजऱ्याचं झाकण काढायच्या आधी नुसत्या वासावरून सांगायचे, यात एक आजारी आहे. उंदीर कोपऱ्यात पाठ वर करून, केस फुलवून बसला की त्यांचं जेवण लांबायचं. एकदा एका पीएचडीवाल्या मॅडमची आकडेवारी जुळेना. औषध बदललं, यंत्र तपासलं, तीन महिने गेले. शेवटी मामांनी सांगितलं, शेजारच्या इमारतीचं ड्रिलिंग सुरू झालंय, मंगळवार-गुरुवार उंदरं बिथरतात. तारखा लावून बघितल्या तर नेमक्या त्याच. मॅडमचा प्रबंध झाला. पेढे दिले, हे खरं. आभारात नावही होतं, आडनाव चुकलेलं.

जुना कारकून
खारे दाणे, वडिलांना नमस्कार सांगा.

खारे दाणे
ते गेले २०१९ ला. पण सांगितला असं समजतो.

रात्रपाळी
खारे दाणे, यावरून आठवलं. २०१४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या लोकांनी दाखवलं की प्रयोग करणारा पुरुष असला तर उंदरांना ताण येतो आणि त्या ताणापायी दुखणं कमी जाणवतं. प्रयोग करणारी बाई असली तर तसं होत नाही. बरं, पुरुष समोर लागतोच असं नाही, त्यानं रात्री घातलेला टी-शर्ट खोलीत ठेवला तरी पुरे. म्हणजे वर्षानुवर्षांच्या आकड्यांत कोण खोलीत होतं हेही मिसळलेलं, आणि ते कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. मामा रोज तिथं असल्यामुळं उंदरांना त्यांची सवय होती, हा तुमच्या मॅडमना केवढा फायदा झाला असेल!

सदाशिवपेठी
पुरुषाच्या टी-शर्टनं ताण येतो हे कळायला कॅनडाला कशाला जायला हवं? आमच्या हिला विचारायचं. हलकं घ्या.

वरणभात
उंदरांवरच चाललंय सगळं, आम्हा माशीवाल्यांना कुणी विचारत नाही. आमच्या प्रयोगशाळेतलं सगळ्यात महत्त्वाचं खातं म्हणजे स्वयंपाकघर. फळमाशीचं जेवण मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगारचं. मोठ्या पातेल्यात रटरटवायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, बुरशी धरू नये म्हणून शेवटी प्रोपिऑनिक आम्ल, मग शेकडो काचनळ्यांत गरम असताना ओतायचं. आमच्याकडं हे एक मावशी करतात. त्या गावी गेल्या तेव्हा आम्ही दोन पीएचडी आणि एक पोस्टडॉकनं मिळून केलं. पिठलं झालं. माश्या त्यात बुडून मेल्या. तीन वर्षं सांभाळलेला एक वाण जवळजवळ गेलाच होता.

पडद्यामागच्या माणसांच्या नावांचं म्हणाल तर जरा सुधारतंय. फळमाशीच्या मेंदूचा पूर्ण नकाशा २०२४ ला आला, १,३९,२५५ पेशी. संगणकानं काढलेल्या रेघा माणसांनी बसून दुरुस्त केल्या, त्यात पगारी तपासनीस होते, हौशी लोकही होते.

गवती चहा
वरणभात, त्याच्याही आधीचं उदाहरण आहे, आणि खारे दाणेंना आवडेल. एका सूक्ष्म कृमीच्या ३०२ चेतापेशींचा नकाशा, केंब्रिज, १९८६. तब्बल ३४० पानांचा पेपर. लेखक चार: व्हाइट, साउथगेट, थॉमसन, ब्रेनर. यातल्या आयलीन साउथगेट तंत्रज्ञ. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या हजारो फोटोंवर एकेका पेशीची रेघ हातानं, शाईनं, कापामागून काप ओढत नेली. संगणकाला ते काम तेव्हा झेपलं नव्हतं. त्यांचं नाव दुसरं आहे, नोबेल मिळालेल्या ब्रेनरांचं शेवटी. अर्थात आपल्या क्षेत्रात शेवटचं नाव म्हणजे मालक, हेही खरं.

मामांना 'एखादा' म्हटलं, ते मागं घेतो. इथं प्राणिपालकाला तीन वर्षांचं रीतसर प्रशिक्षण आणि परीक्षा असते.

शून्यप्रहर
माझं मत थोडं कडू. हे मेंदूविज्ञान म्हणजे रंगीत चित्रं. २००९ मध्ये अमेरिकेत मेलेला सामन मासा एमआरआयमध्ये घालून त्याला माणसांचे फोटो दाखवले, तर मेंदूत 'हालचाल' दिसली. मेलेल्या माशाच्या!

नारळीपौर्णिमा
शून्यप्रहर, तो प्रयोग करणारे मेंदूवालेच होते हो. चित्रातले हजारो ठिपके एकदम तपासताना योगायोगाची वजावट केली नाही तर मेलेला मासाही विचार करताना दिसतो, हेच त्यांना दाखवायचं होतं. वजावट केल्यावर मासा पुन्हा मेला. २०१२ मध्ये त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीसही मिळालं.

मी मुंबईत तीन वर्षं ईईजीच्या, म्हणजे डोक्यावरून मेंदूचे विद्युतसंकेत टिपायच्या प्रकल्पावर सहायक होते. पगार तुटपुंजा, पण माणसं बघायला मिळाली. डोक्याला जाळीची टोपी, तिच्यात चौसष्ट इलेक्ट्रोड, प्रत्येकाखाली केस बाजूला सारून जेल भरायची. आणि आपल्याकडं डोकं म्हणजे तेल! फोनवर बजावायचे, "काकू, आदल्या दिवशी केस धुऊन या, तेल लावू नका." एक आजी आल्या, केस धुतलेले, वर ताजं खोबरेल चापून. म्हणाल्या, "अगं, परक्यांच्या घरी कोरड्या डोक्यानं कसं जायचं?" तेलावर इलेक्ट्रोड काही धरेना. तिथल्या बेसिनमध्ये मी त्यांचे केस शाम्पूनं धुतले, पंचानं पुसले, वाळवले. दीड तास गेला. नोंद मिळाली वीस मिनिटांची. वर्षभरातली सगळ्यात स्वच्छ.

एमआरआयच्या वेळी मंगळसूत्र आणि जोडवी. चुंबक कायम चालू असतं, धातू आत न्यायचाच नाही. बऱ्याच जणी मंगळसूत्र काढायला का-कू करतात. आमच्या तंत्रज्ञ ताईंनी एक युक्ती काढली होती. काळ्या मण्यांचा एक दोरा ठेवला होता, नुसता दोरा आणि काचेचे मणी. तो गळ्यात घालून आत पाठवायच्या. हे कुठल्या पेपरच्या 'कार्यपद्धती'त येणार, सांगा?

शून्यप्रहर
माशाचं मान्य. दोरा आवडला.

जुना कारकून
विद्यापीठाच्या खरेदी विभागात होतो. शास्त्रज्ञ मंडळींच्या लेखी आम्ही म्हणजे राहू-केतू. आमचीही बाजू ऐका. एक टेबल मागवायचं, किंमत लाखांत. का? तर म्हणे ते हवेवर तरंगतं. लेखापरीक्षकाला मी काय सांगू, हवेवर तरंगणाऱ्या टेबलाला पैसे दिले? शेवटी एका बाईंनी मला त्यांच्या खोलीत नेलं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दाखवली आणि म्हणाल्या, हे साधं टेबल आहे, आता जमिनीवर पाय आपटा. आपटला. पडद्यावरची पेशी नळीसकट हलली. टेबल मंजूर.

दुसरं, कोरड्या बर्फातली पार्सलं. ती शुक्रवारी विमानतळावर उतरवू नका, हे मी घसा फोडून सांगायचो. शनिवार-रविवार कस्टम्सचं कोण उघडणार? सोमवारी बर्फ गेलेला, आतली प्रतिपिंडं नासलेली, शिव्या आम्हाला.

रात्रपाळी
कारकूनकाका, शुक्रवारचं पार्सल ही राष्ट्रीय समस्या आहे. +१००

सोडून आलेली
सगळे कौतुक करताहेत म्हणून दुसरी बाजू. मी पीएचडी चौथ्या वर्षी सोडली. कुठली संस्था ते राहू दे. रविवारी सकाळी नऊला मीटिंग, आकडे मनासारखे नसले की सगळ्यांसमोर 'तुझ्या जागी यायला रांग लागलीय'. प्रयोग तीनदा नाही जमला तर मी चुकीची, चौथ्यांदा जमला तर तोच खरा. मग मी आधीचे तीन विसरायचं नाकारलं. पुढं तिथं राहण्यात अर्थ नव्हता.

पीएचडीवाल्यांची सरकारी फेलोशिप २०२३ पासून सुरुवातीला दरमहा ३७,००० झाली. माझ्या वेळी कमी होती आणि कधीकधी सहा-सहा महिने यायची नाही.

काका, मुलीला 'पेपर कधी येणार' हे विचारू नका. घरचे विचारायचे तेव्हा मी फोन घेणं बंद केलं होतं.

गवती चहा
सोडून आलेली, आधीचे तीन न विसरणं हेच तर काम होतं. तुमच्यासारखी माणसं जातात आणि विसरणारी राहतात, हे मीही बघितलंय.

सदाशिवपेठी
आता गंमत करवत नाही. चहा टाकतो.

पंचगंगेकाठी
मंडळी, आठ दिवस रोज वाचतोय. सौ.ला मोठ्यानं वाचून दाखवलं. नळी तोंडात असते म्हटल्यावर तिचा राग गेला, आता काळजी लागलीय की पोटात काही जाणार नाही ना.

रविवारी पोरगी निवांत भेटली. गवती चहांनी फोटो न बघता सांगितलेलं जवळपास सगळं बरोबर. कुत्रं सेक्रेटरीबाईंचं, ऑफिसच्या पलीकडं त्याला बंदी आहे. अर्ज भरण्यात तिचे साडेतीन महिने गेले. पेपरचं काही विचारलं नाही. प्राणिपालक कोण, ते विचारलं. ते फोटोत नाहीतच, फोटो काढणारे तेच होते!

निळ्या डगल्याचे गृहस्थ मिस्त्रीच, पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत. आता तिचं काम कापांवरून जागत्या उंदरावर जाणार. उंदीर चाकावर पळत असताना डोकं स्थिर ठेवायला कवटीवर एक चिमुकली पट्टी बसवतात, टायटॅनियमची, ग्रॅमभरही नाही. तिचं ड्रॉइंग तिनं मला सहज बघायला पाठवलं. सांगायचं राहिलं, माझं उद्यमनगरात जॉबवर्कचं शेड आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग.

अर्धी भाकरी, तुमचं वाचून दोन दिवस मी ते ड्रॉइंग उघडलं नाही. मग उघडलं. दोन भोकांना टॉलरन्सच (माप किती मागंपुढं चालेल ते) लिहिलेला नव्हता. स्क्रू ढिला बसला तर पट्टी हलणार आणि त्रास त्या जिवालाच. पोरीला कळवलं, तिनं मिस्त्रींना दाखवलं. ते म्हणे पाच मिनिटं हसले आणि विचारलं, हे कुणी पकडलं? आता ते जर्मनमधून लिहितात, पोरगी मधे दुभाषी. त्यांनी म्हटलंय, नमुन्याची एक पट्टी तुम्ही करून बघा.

तर प्रश्न असा. टायटॅनियमवर मी कधी काम केलेलं नाही. आजवर एमएस (साधं पोलाद), एसएस (स्टेनलेस) आणि पितळ. इथं कुणी आहे का जाणकार?

पिंपरी शॉपफ्लोअर
आहे, बावीस वर्षं. टूल कार्बाइड, धार नवी कोरी. आरपीएम एसएसपेक्षा कमी, फीड मात्र सोडू नका, टूल नुसतं घासत राहिलं की जॉब तापून कडक होतो. कूलंट भरपूर. चिप्स साचू देऊ नका, बारीक चिप्स पेटतात आणि पेटल्या तर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू जवळ ठेवा. पट्टीची जाडी किती आहे? एक मिलिमीटरच्या आत असेल तर व्हाइसमध्ये वाकेल, खाली ॲल्युमिनियमचा पॅड घ्या. ड्रॉइंग टाका इथं, बघू.